दोन बोटं कमी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या डॉक्टरांच्या हाताखाली उमेदीची वर्षं काढली त्यांनाही नाही. एका मुलीचं आखडलेलं कोपर मोकळं करायचं यंत्र मी तयार केलं होतं, आणि ती लवकर बरी होऊ नये म्हणून मी त्याचं मळसूत्र कमी फिरवत होतो. जाणूनबुजून. आता चष्म्याशिवाय मळसूत्राचे आटे दिसत नाहीत, तरी ते एक मळसूत्र डोळे मिटले की दिसतं. म्हणून लिहितो आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी वर्ध्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्याच्या वर्कशॉपात लागलो. नागपूरहून मेकॅनिकलचा डिप्लोमा करून आलो होतो. वडील कचेरीत कारकून, त्यामुळे मुलगा इंजिनीयर झाल्याचं घरात कौतुक. तो दिवसभर पोलिओ झालेल्या लेकरांच्या पायात घालायचे कॅलिपर ठोकतो, हे मात्र आई पाहुण्यांना सांगत नसे. "दवाखान्यात मोठ्या पोस्टवर आहे," एवढंच म्हणायची.

ती मोठी पोस्ट म्हणजे धोबीखान्यामागची पत्र्याची लांब खोली. एका भिंतीला चामडं टांगलेलं, दुसऱ्या भिंतीला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, मधोमध पट्टी पकडायचा व्हाईस. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की रिबीट मारताना हातोडीचा दांडाही गरम लागायचा. पण मला काम आवडायचं. पायाचं माप घ्यायचं, पट्टी वाकवायची, पट्टा शिवायचा. लेकरू उभं राहिलं की काम संपलं. फार बोलावं लागत नसे. मी मुळात बोलणारा माणूस नव्हे.

ऐंशीनंतर एक हाडांचे डॉक्टर परदेशात शिकून आमच्याकडे आले. पहिल्याच आठवड्यात ते वर्कशॉपात येऊन स्टुलावर बसले आणि एक्स-रेच्या पाकिटावर चित्र काढू लागले. तिकडे म्हणे ऑपरेशननंतर माणसाचा गुडघा मशीनमध्ये ठेवतात, आणि मशीन तो दिवसभर हळूहळू हलवत राहते. सांध्याला आखडायला सवडच देत नाही.

"आपल्याला कोपराचं करायचं आहे," ते म्हणाले. "आणि अंगावर घालता येईल असं. सेलूचा, आर्वीचा माणूस महिनाभर इथं खाटेवर कसा पडून राहील? त्यानं ते घालून घरी गेलं पाहिजे."

"म्हणजे यंत्रमानवाचा हात," मी म्हणालो.

"अर्धा. बाकी अर्धा माणूस त्याच्यात असेल."

मी नागपूरला इतवारीच्या भंगारात गेलो आणि जुन्या जीपच्या वायपरची मोटर घेऊन आलो. ती हळू फिरते आणि जोर भरपूर असतो. पावसात काच पुसायची अक्कल तिच्यात आधीच असते. कोपराच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, मध्ये बिजागर. एक चामडी पट्टा दंडाला, एक मनगटाला. मोटर हातावर पेलवेना म्हणून ती कमरेच्या पट्ट्यावर आणली आणि तिथून कोपरापर्यंत सायकलच्या ब्रेकची तार ओढली. मोटर तार ओढायची, हात वाकायचा. एका ठरावीक जागी खटका दाबला जायचा, मोटर उलटी फिरायची, हात उघडायचा. पुन्हा वाकायचा. सोबत खांद्याला अडकवायची बॅटरी.

पहिली चाचणी स्वतःच्या हातावर घेतली आणि पंधरा दिवस दंड काळानिळा घेऊन हिंडलो. यंत्राला थांबणं कळत नव्हतं. मग तारेच्या वाटेत एक स्प्रिंग बसवली. हातानं जोरात विरोध केला की स्प्रिंग ताणली जायची, दुसरा खटका दाबला जायचा आणि मोटर मागे फिरायची. डॉक्टरांना ते फार आवडलं. आपला हात घालून, मुद्दाम ताठ करून त्यांनी चारदा पाहिलं. "हे ऐकतं," म्हणाले. "आता झालं हे रोबोट. नुसतं ओढतं ते मशीन."

हात कुठवर वाकवायचा ते एका मळसूत्रावर होतं. ते पुढे घेतलं की यंत्र जास्त वाकवणार, मागे घेतलं की कमी. रुग्णानं घरी त्याच्याशी खेळू नये म्हणून मी त्याला तिकोनी डोकं केलं. त्याची किल्ली एकच, माझ्या खिशात. दर गुरुवारी रुग्णानं यायचं आणि मी मळसूत्र पुढे घ्यायचं, असं ठरलं.

ती पहिली रुग्ण.

सेलूकडच्या एका गावची. घरी कपाशी आणि केळीचा मळा. जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागली होती, शाळा शेजारच्या गावात, म्हणून सायकल शिकायला गेली आणि नाल्याच्या उतारावर पडली. घरच्यांनी हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि रोज कडकडीत तेलानं कोपर रगडलं. हाड जुळलं, सांधा मात्र काटकोनात गोठून बसला. दिवाळीनंतर आली तेव्हा उजवा हात ना उघडत होता, ना मिटत होता. सोबत आत्या होती; हसरी, धिप्पाड, नऊवारीतली बाई. गेल्या कित्येक वर्षांपासून विधवा, भावाच्या घरी राहणारी, आणि त्या घराचं तोंड तीच.

"हे पाहा भाऊ, आमची पोट्टी," आत्या म्हणाली. "मास्तरीन हाये. सायकल शिकाले गेलती न् हात असा करून आली. जसं काई ट्रे धरूनच जन्मली!"

"ट्रे धराले त चांगला हाये ना हात," मुलगी म्हणाली. "पाहाले येनाऱ्यायले पोहे देता येतात. त्यायले काय समजते?"

"समजते व! पोहे खाऊन झाल्यावर पोरगी खाताना पाह्यतात लोक."

खरी अडचण ती होती. हात तोंडापर्यंत जात नव्हता. डाव्या हातानं जेवू द्यायला आत्या तयार नव्हती, म्हणून ती मान ताटात घालून जेवायची. "बकरीवानी," आत्या म्हणाली, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. शाळेत ती फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात लिहायची. मागच्या बाकावरची पोरं उभी राहून वाचायची.

मोजायला डॉक्टरांची पद्धत साधी होती. पेशंटनं हात होईल तेवढा तोंडाकडे आणायचा आणि बोटांची टोकं न् ओठ यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते पाहायचं. "अंशात सांगून तिला काय कळणार? बोटात सांगा. घास किती लांब आहे ते तिला कळलं पाहिजे." त्या दिवशी माझी अख्खी वीत मावली. माझा अंगठा तिच्या ओठांशी आणि करंगळी तिच्या बोटांशी. मी वर पाहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, "लिहा, एक वीत," आणि मला बराच वेळ पेनाचं टोपण काढता येईना.

"दर गुरुवारी दोन आटे," त्यांनी मला सांगितलं. "फार दुखलं तर एक. त्याच्याखाली जाऊ नका. सांधा वाट पाहत नाही. आता गेलं ते गेलं."

पट्टा मनगटाला बांधायचा तर बांगड्या काढाव्या लागत. डॉक्टरांच्या चित्रातला हात पुरुषाचा होता. बांगड्या माझ्या ध्यानातच आल्या नव्हत्या. आत्याला ते मुळीच पटेना. "मोकळा हात बरा दिसत नाई, भाऊ. तुमी कधी बाईमानसाचा हात पाह्यला नाई काय?" मी मान खाली घालून बकल लावत राहिलो. मुलगी मात्र बांगड्या काढून रुमालात बांधायची आणि गाठ आत्याच्या हाती द्यायची.

यंत्राला नाव आत्यानंच दिलं. दुसऱ्या का तिसऱ्या गुरुवारी, मोटर घुर्र घुर्र करत हात वाकवत होती तेव्हा. "हे त माह्या सासूवानी हाये, बाप्पा. बोलत नाई, थकत नाई, फकस्त वाकवत राह्यते." तेव्हापासून ती सासू. "सासूबाई आज रागात हायेत," "सासूची बॅटरी उतरली," "काल पोरायनं शाळेत सासू पाह्यली न् निम्मे पळाले." वर्कशॉपात इतकं हसणं त्याआधी मी ऐकलं नव्हतं.

पहिले काही आठवडे मी अगदी सांगितल्याप्रमाणे वागलो. दर खेपेला पूर्ण दोन आटे. विताचं अंतर सहा बोटांवर आलं, सहाचं चार बोटांवर. एके दिवशी आत्यानं मळ्यातल्या केळ्यांची फणी आणली होती. मुलीनं एक सोललं, उजव्या हातात खालच्या टोकाला धरलं, हात वाकवला, आणि केळ्याचं वरचं टोक बरोबर तिच्या तोंडात गेलं. मान न वाकवता. ती क्षणभर तशीच राहिली, घास तोंडात, डोळे मोठे.

"हात पोचला!" मी म्हणालो.

"केळ्यानं पोचला," आत्या म्हणाली. "भाकरीनं पोचू द्या, मंग पेढे खाऊ घालीन."

त्या संध्याकाळी सायकलवरून घरी जाताना मी हिशोब केला. असंच चाललं तर संक्रांतीच्या आसपास तिचा हात तोंडाला लागेल. मग गुरुवारी यायचं कारण उरणार नाही. संक्रांतीनंतरचा गुरुवार काही केल्या मला डोळ्यांपुढे आणता येईना. वर्कशॉप असेल, चामडं असेल, व्हाईस असेल. रेल्वे फाटकापाशी थांबलो होतो, मालगाडी जात होती, आणि मी प्रत्येक डब्यागणिक तेच तेच घोकत होतो.

पुढच्या गुरुवारी मी मळसूत्राला किल्ली लावली आणि अर्धाच आटा फिरवला.

मळसूत्राचा आवाज होत नाही. कुणाला काही कळलं नाही. ती म्हणाली, "आज कमी दुखून राह्यलं." मी म्हणालो, "सांधा सैल होतो आहे." ते मी इतकं सहज म्हणालो की मीच दचकलो.

पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होतो की मला तिचं दुखणं बघवत नव्हतं. ते खोटंही नाही. हात वाकायच्या शेवटच्या टोकाला ती खालचा ओठ दातात धरायची आणि छपराकडे पाहायची. पण दुखू नये म्हणून एक आटा होता. तशी मुभा डॉक्टरांनी दिलीच होती. अर्धा आटा माझा होता. तो गुरुवारांसाठी होता.

काय मिळायचं मला त्या गुरुवारांतून? आज लिहायला बसलो तर फारसं काही हाताला लागत नाही. एसटी आली की त्या दोघी दवाखान्याच्या फाटकातून येताना खिडकीतून दिसायच्या. ती पट्टा सोडायला हात पुढे करायची. चामड्यावर आतून घामाचे डाग पडलेले असायचे आणि मी ते ओल्या फडक्यानं पुसायचो. दुसऱ्या कुणाला पुसू द्यायचो नाही. मग बोटं लावून मोजायचं. चार. चार. साडेतीन. तिचा श्वास माझ्या बोटांना लागायचा. मी एकच वाक्य बोलायचो, "हात सैल सोडा." ती सैल सोडायची. बस.

आणखी एक गोष्ट. आमच्याकडे परक्या पुरुषाला बाई सहज भाऊ म्हणते. भाजीवाल्याला, कंडक्टरला, डॉक्टरलाही. आत्या मला वाक्यागणिक भाऊ म्हणायची. मुलगी एकदाही म्हणाली नाही. आधी साहेब म्हणायची, नंतर तेही सोडलं. काहीच न म्हणता बोलायची. हे माझ्या ध्यानात आलं होतं, आणि तिच्याही ध्यानात आलं होतं हे मला माहीत होतं.

संक्रांत होऊन गेली होती. आत्या औषधाच्या खिडकीवर रांगेत उभी होती. मी मळसूत्राला किल्ली लावलेली. मुलगी यंत्राकडे पाहत म्हणाली, "एक विचारू?"

"विचारा ना."

"सासू हाये, त सासूचा पोरगा कोठी हाये?"

हसली नाही. नेहमी असली थट्टा आत्याबरोबर व्हायची आणि दोघी हसायच्या. या वेळी तिनं विचारलं आणि यंत्राकडेच पाहत राहिली. यंत्र मी जन्माला घातलेलं, मग ते माझं कोण लागतं, असा काही उलटसुलट जवाब देता आला असता. सरळही देता आला असता. जात आडवी आली असं म्हणायची आज सोय आहे. पण मी विचारलंच नाही. तेव्हा काय आडवं आलं असतं ते कळायचा प्रश्नच आला नाही.

मी मळसूत्रावर फुंकर मारली. तिथं धूळ नव्हती.

"हात सैल सोडा," म्हणालो.

तिनं सोडला. तेवढ्यात आत्या आली.

होळीच्या सुमाराला एका गुरुवारी आत्याऐवजी तिचे वडील आले. धोतर, पांढरी टोपी, हातात केळ्यांचा अख्खा घड. घड त्यांनी व्हाईसशेजारी ठेवला आणि उभेच राहिले. स्टूल दिलं तरी बसले नाहीत.

"साहेब, पोरीचं जमलं. हिंगणघाटचे पाव्हणे हायेत. पोरगा मिलमध्ये सुपरवायझर हाये. आपन लपवालपवी नाई केली. हात बसला हाये, इलाज चालू हाये म्हनून सांगतलं. ते म्हनले, लग्नाच्या पंगतीत सोताच्या हातानं जेवली म्हंजे झालं, आमच्या मानसायले आमी समजावतो. वैशाखातली तारीख हाये." मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, "जेवन ना, साहेब?"

त्या दिवशी माझी तीन बोटं मावली होती. सांगितल्याप्रमाणे वागलो असतो तर एकही मावली नसती.

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या हातातल्या किल्लीकडे पाहत होती.

"तुमी म्हनान त जेवीन," ती म्हणाली.

"जेवेल," मी वडिलांना म्हणालो.

लग्नाच्या आधी चुडा भरतात. हिरवा चुडा भरला की तो उतरवायचा नसतो, आणि यंत्राचा पट्टा नेमका मनगटाला. म्हणजे माझ्याकडे चुड्यापर्यंतचेच दिवस होते. जे महिने मी चोरले होते ते त्या थोड्या दिवसांत भरून काढायला निघालो. त्याच दिवशी मळसूत्र भराभर फिरवलं. किती आटे ते मोजलंही नाही. आणि आणखी एक केलं. स्प्रिंग आवळून टाकली. हात नको म्हणाला तरी यंत्राला ऐकू जाऊ नये म्हणून.

"दुखेल," तिला म्हणालो. "सोसा थोडं. काढू नका."

"नाई काढत," ती म्हणाली.

तिनं खरंच काढलं नाही. पुढच्या गुरुवारी दोन बोटं मावली आणि मी देव पावला असं समजलो. पुन्हा मळसूत्र पुढे घेतलं. त्याच्या पुढच्या खेपेला ती गुरुवारची वाट न पाहता मधेच आली. कोपर सुजून घागरीसारखं झालं होतं, लाल, आणि हात लावला तर चटका बसेल असं. आत्यानं तो हात खालून धरून ठेवला होता.

डॉक्टरांनी पाहिलं आणि यंत्र तिथल्या तिथे सोडून बाजूला ठेवलं. "इतकी घाई कुणी केली? असा ओढला की सांध्यात उलट हाड धरतं. कुणी सांगितलं?"

मी भिंतीपाशी उभा होतो. किल्ली खिशात होती. मुठीत घट्ट धरलेली.

"मीच दिवसरात घालून राह्यलती, जी," ती म्हणाली. "लग्नाची घाई. काढा म्हनलं होतं यायनं, मीच काढलं नाई."

'यायनं' म्हणजे मी. काढा असं मी म्हणालो नव्हतो. डॉक्टर तिच्यावर रागावले, बरेच रागावले, आणि मी ते ऐकत उभा राहिलो. अर्ध्या आट्याचं तिला ठाऊक होतं का? मला आजही माहीत नाही. पण 'काढू नका' हे माझे शब्द होते ते तर तिला ठाऊक होतंच. तिनं ते गिळले.

सूज उतरायला वेळ लागला. उतरली तोवर चुडा भरून झाला होता. यंत्र आत्यानं आणून दिलं, धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून, वर लग्नाची पत्रिका. दवाखान्यातल्या सगळ्यांनी यायचं म्हणाली. "लेकीचं लगन हाये, भाऊ. मामाच्या जागी उभे राह्यजो."

लग्न गावातच होतं. डॉक्टरांच्या जीपमधून आम्ही तिघे-चौघे गेलो. केळीच्या खांबांचा मांडव, ऊन असं की कापडातूनही डोळे दिपत होते. पंगतीत नवरानवरीच्या ताटाभोवती रांगोळी काढली होती. घास भरवायची वेळ आली. बायकांनी गलका केला. आधी त्यानं तिला भरवला. मग तिनं जिलेबीचा तुकडा उचलला, हात पुढे केला आणि त्याच्या तोंडात दिला. सहज. हिरवा चुडा मनगटावरून थोडा मागे सरकला. दुसऱ्याला भरवायला हात लांब करावा लागतो. तेवढा तिचा हात केव्हाच मोकळा झाला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनीही.

मग ती स्वतः जेवायला लागली. वरणभाताचा घास केला, हात उचलला, आणि दोन बोटांवर तो थांबला. कुणाला दिसलं नसेल. मला दिसलं, कारण तिथं मावणारी बोटं माझी होती. तिनं मान खाली घातली आणि घास घेतला. पुन्हा मान खाली, पुन्हा घास.

"पाहा व, किती लाजते नवरी!" कुणी तरी म्हणालं. "वरतं त पाह्य!" बायका हसल्या. नवराही हसला. हिंगणघाटच्या मंडळींना तोंड उघडायला जागाच राहिली नाही. नवरी लाजली म्हणजे वळणाची.

आत्या वाढता वाढता माझ्यापाशी आली. पानात जिलेबी वाढली, नको नको म्हणत असताना आणखी एक वाढली. "तुमच्यानं इतकं त झालं, भाऊ," हळूच म्हणाली. "नाई त काय होतं पोरीचं." मी ती जिलेबी संपवली. पानात टाकता येत नव्हती.

त्यानंतर मी दुसरं यंत्र केलं. त्याचा पट्टा मनगटाच्या वर, बांगड्या घालूनही बांधता येईल असा. आणि तिकोनी मळसूत्राऐवजी मोठं गोल बटण. रुग्णानं स्वतः फिरवायचं. डॉक्टरांनी विचारलं, "किल्ली का काढली?" मी म्हणालो, "किती ते त्यांचं त्यांना कळतं." त्यांना फार पटलं. पाहुणे डॉक्टर आले की ते हे बटण दाखवायचे आणि माझ्या पाठीवर हात ठेवायचे. आम्ही पुढे गुडघ्याचं केलं, खांद्याचं केलं. पुष्कळ लोक बरे झाले. त्यांची नावं मला आठवत नाहीत.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा आत्या पुन्हा आली. आता तिचाच गुडघा धरला होता. थकली होती, पण तोंड तेच. मी विचारलं नाही, तरी तिनंच सांगितलं. पोरीला दोन लेकरं आहेत. हिंगणघाटच्या शाळेत बदली झाली. नवरा बरा आहे. "लेकरायले भरवते चांगली, उजव्या हातानं. सोता जेवते तशीच, मान घालून. मी म्हनलं, दुसरा डाक्टर पाह्य. म्हन्ते, आता सवय झाली, आत्या. लोक म्हन्तात मास्तरीन अजून लाजते." आत्या हसली. मग म्हणाली, "तुमचं यंत्र अजून आठवते तिले. माही पह्यली सासू म्हनून सांगत राह्यते सगळ्यायले. पुढचं काई सांगत नाई."

मी आत्याच्या गुडघ्याला पट्टा बांधत होतो. "हात सैल सोडा" असं म्हणून गेलो, गुडघा म्हणायच्या जागी. तिच्या ध्यानात आलं नाही.

किल्ली अजून माझ्यापाशी आहे. तिचं मळसूत्र कधीच भंगारात गेलं, ती कशाला लागत नाही. बायकोनं एकदा विचारलं होतं, ही कशाची? जुन्या मशीनची, म्हणालो. तेही खरंच होतं.

तिचा हात दोन बोटं कमी राहिला तो माझ्यामुळे; घाई तिची नव्हती, माझी होती, आणि त्याआधीचा उशीरही माझाच. हे मला तिच्यासमोर उभं राहून सांगायचं आहे. तिनं विचारलं होतं त्याचं उत्तरही द्यायचं आहे, आता त्याचा काही उपयोग नसला तरी. हिंगणघाट इथून लांब नाही. दर तासाला एसटी आहे. मी अजून गेलेलो नाही.